आधी हरू द्या

माझा भाचा नववीत आहे. मे महिन्याच्या सुट्टीत त्याने फोनवर 'पोकेमॉन फायररेड' सुरू केला. या गेममध्ये पहिल्या दहा मिनिटांतच प्रोफेसर ओकच्या टेबलावर तीन चेंडू दिसतात. तीन चेंडूंत तीन पोकेमॉन: बल्बासॉर, चारमँडर, स्क्वर्टल. एक उचलायचा आणि वाटेला लागायचं. भाच्याने चारमँडर उचलला, मेनूत जाऊन त्याचं 'नेचर' पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि आधी सेव्ह केलेल्या जागी परत गेला. पुन्हा उचलला, पुन्हा पाहिलं, पुन्हा परत. दोन दिवस हा मुलगा त्या खोलीबाहेर पडला नाही. बाहेर अख्खा कांटो प्रदेश पसरलेला, आणि हा टेबलापाशी उभा.

"काय शोधतोयस एवढं?"

"मॉडेस्ट."

"कशाला?"

"मामा, ब्रॉकसमोर चारमँडर वीक आहे. घ्यायचाच असेल तर निदान नेचर तरी परफेक्ट पाहिजे. व्हिडिओत सांगितलंय."

भाचा जन्मायच्या आधीपासून मी हा गेम खेळतोय, त्यामुळे हिशेबाला कागद लागला नाही. नेचर म्हणजे स्वभाव, असे एकूण २५. मॉडेस्ट निघाला तर पोकेमॉनचा स्पेशल अटॅक १० टक्क्यांनी वाढतो आणि साधा अटॅक १० टक्क्यांनी घटतो. ओकच्या टेबलावरचा चारमँडर लेव्हल ५चा असतो. त्याचा स्पेशल अटॅक असतो ११ किंवा १२. त्याचे १० टक्के म्हणजे एक. एका गुणासाठी दोन दिवस! ही सवय त्याला कुठून लागली ते मला ठाऊक आहे. त्याच्या क्लासमध्ये दर महिन्याला भिंतीवर रँकची यादी लागते. तिथे माझं काही चालत नाही. पण तीच यादी गेममध्ये आणून चिकटवणाऱ्यांशी माझं भांडण आहे, आणि ते मी इथे करणार आहे.

'नवशिक्यांनी टाळायच्या दहा चुका', 'हा स्टार्टर चुकूनही घेऊ नका', 'बेस्ट टीम फॉर बिगिनर्स': असले व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. त्यांतली माहिती बहुतेक वेळा बरोबर असते, म्हणूनच राग जास्त येतो. माहिती बरोबर आणि सल्ला वाईट. हा सल्ला मजा घालवतो वगैरे तक्रार नेहमीचीच आहे, ती मी करत नाही. माझी तक्रार अशी की डावपेच म्हणूनही तो वाईट आहे. तो ऐकून खेळणारा मुलगा गेम कमी शिकतो आणि पुढे जास्त अडकतो.

पहिली गोष्ट, या याद्या आल्या कुठून? पोकेमॉनच्या टियर लिस्ट मुळात दोन माणसांमधल्या स्पर्धात्मक सामन्यांसाठी तयार झाल्या. स्मोगॉनसारख्या ठिकाणी कुठला पोकेमॉन कुठल्या पायरीवर बसतो, हे मुख्यतः तो किती खेळाडू किती वेळा वापरतात यावरून ठरतं. म्हणजे समोर माणूस आहे, त्याला सगळं माहीत आहे, तोही तुमच्याच याद्या वाचून आलाय, अशा वेळची ही गणितं. गेमच्या कथेत समोर असतो ब्रॉक. त्याच्याकडे दोनच पोकेमॉन, तेच, त्याच लेव्हलचे. दर वेळी. तुम्ही शंभर वेळा हरलात तरी तो नवीन काही शिकून येत नाही. रणजीच्या निवड समितीचा तक्ता हातात घेऊन गल्लीत टीम पाडण्यातला हा प्रकार आहे. 'कथेसाठीची खास टियर लिस्ट' अशीही एक जात असते. ती जरा बरी, पण रोग तोच.

आता ब्रॉकचंच बघू. कारण सगळ्या भीतीचं मूळ तिथे आहे.

प्यूटर सिटीतलं पहिलं जिम. ब्रॉककडे लेव्हल १२चा जिओड्यूड आणि १४चा ऑनिक्स. दोन्ही दगड आणि जमीन अशा दुहेरी प्रकारचे. पाण्याचा किंवा गवताचा मारा त्यांना चौपट लागतो, आगीचा निम्मा. म्हणून यादी सांगते की बल्बासॉर घ्या. त्याचं गवत ब्रॉकवर चालतं, पुढच्या मिस्टीच्या पाण्यावर चालतं, आणि तिसऱ्या जिममधल्या सर्जची वीज गवताला कमी लागते. सगळं खरं आहे. बल्बासॉर लेव्हल १०ला व्हाइन व्हिप शिकतो. व्हाइन व्हिप, व्हाइन व्हिप, बॅज. बल्बासॉरवाला मुलगा जिमच्या दारातून आत जातो तसाच बाहेर येतो, खिशात एक बॅज जास्त घेऊन.

चारमँडरवाल्याचं काय होतं? तो हरतो. ओरबाडून ओरबाडून ऑनिक्सच्या अंगावर चरा उठत नाही. मग वैतागून एंबर मारतो. स्क्रीनवर येतं की मारा फारसा परिणामकारक नाही. पण डोळे उघडे असतील तर दिसतं की 'परिणामकारक' नसलेल्या एंबरने हिरवी पट्टी ओरबाडण्यापेक्षा कितीतरी जास्त खाली आली. का? कारण ऑनिक्सचा मूळ डिफेन्स आहे १६० आणि स्पेशल डिफेन्स फक्त ४५. अंगाला अंग भिडवून केलेल्या माऱ्याला तो डोंगर आहे आणि लांबून फेकलेल्या ज्वाळेला भुसभुशीत ढेकूळ. या गेममध्ये मारा दोन जातींचा असतो आणि बचावही दोन जातींचा, ही पुढच्या तीस तासांत सगळ्यात उपयोगी पडणारी गोष्ट तो मुलगा इथे शिकला. त्याला कोणी सांगितली नाही. पट्टी बघून शिकला.

मग त्याला आठवतं की चारमँडरला पहिल्या दिवसापासून ग्राउल नावाची एक चाल येते, जी त्याने कधीच वापरली नव्हती. गुरगुरायचं, समोरच्याचा अटॅक घटतो. नवशिक्यांना ही चाल फुकट गेलेली जागा वाटते. चारी चाली माऱ्याच्या हव्यात असं त्यांना वाटतं. दोन-तीनदा गुरगुरून बघा. ऑनिक्स आदळतो, पण चारमँडर टिकतो, आणि टिकला की एंबरला वेळ मिळतो.

तरीही हरला तर? मागे फिरायचं. मागे विरिडियनचं जंगल आहे आणि त्यात कॅटरपी नावाची अळी आहे, जिला कुठल्याही यादीत कोणी विचारत नाही. ती लेव्हल ७ला कोष होते आणि १०ला बटरफ्री. बटरफ्री कन्फ्यूजन शिकते. हा मनोबलाचा मारा, स्पेशल जातीचा, म्हणजे थेट दगडाच्या मऊ बाजूवर. पण बटरफ्री किडाही आहे आणि उडणारीही, म्हणून ऑनिक्सचा दगड तिला बसला तर चौपट बसतो. दोन चांगले फटके मारेल, एक नीट बसला की पडेल. तिला आधी पाठवायचं की नंतर? जिओड्यूडसमोर की ऑनिक्ससमोर? हा खरा प्रश्न आहे, आणि याचं उत्तर यादीत नाही, कारण ते तुमच्या बटरफ्रीच्या लेव्हलवर आणि चारमँडरच्या उरलेल्या जिवावर ठरतं. विरिडियनच्या पश्चिमेला रूट २२ वर मँकी मिळतो. लढाऊ प्रकारचा, त्याची लात दगडाला दुप्पट लागते. सरळ पुढे पळणाऱ्याला तो कधीच दिसत नाही. हरून मागे फिरलेल्याला दिसतो.

आणखी एक गंमत. फायररेडमध्ये चारमँडर लेव्हल १३ला मेटल क्लॉ शिकतो. पोलादाचा मारा, दगडावर दुप्पट. ऑनिक्स १४चा, आणि चारमँडरला हे हत्यार मिळतं १३ला. १९९६च्या मूळ गेममध्ये ही सोय नव्हती. २००४ साली नवी आवृत्ती करताना ती ठेवली गेली. दार बंद नाही, ढकलून बघा, असं गेम स्वतःच सांगतोय. मग मध्येच उभं राहून 'या दाराने जाऊ नका' म्हणणारे हे कोण?

आणि हरल्याची किंमत किती, ती एकदा मोजू. सगळे पोकेमॉन बेशुद्ध पडले की तुम्ही शेवटच्या पोकेमॉन सेंटरात उभे राहता. थोडे पैसे जातात. हरण्याआधी मिळवलेला अनुभव मात्र तसाच राहतो. म्हणजे ब्रॉककडून हरताना जिओड्यूड पाडला असेल तर त्याचे पॉइंट तुमचेच. पुढच्या खेपेला तुम्ही आधीपेक्षा जड होऊन जाता. माझ्या माहितीतल्या फार थोड्या परीक्षांमध्ये नापास झाल्यावर गुण खात्यात जमा राहतात.

हा गेम ज्याच्या डोक्यातून निघाला तो सातोशी ताजिरी लहानपणी टोकियोजवळच्या माचिदा भागात किडे पकडत हिंडायचा. वस्ती वाढली, तळी बुजली, किडे गेले. पुढे दोन गेमबॉय केबलने जोडलेले पाहून त्याला त्या केबलमधून किडे इकडून तिकडे चालत जाताना दिसले, ही गोष्ट त्याच्या चाहत्यांना पाठ आहे. २७ फेब्रुवारी १९९६ला जपानमध्ये रेड आणि ग्रीन या दोन आवृत्त्या आल्या. काही पोकेमॉन फक्त एकीत, काही फक्त दुसरीत, म्हणजे मित्राशिवाय संग्रह पुरा होणार नाही अशी मुद्दाम केलेली व्यवस्था. आता त्या पहिल्याच जंगलाकडे बघा. तिथे काय आहे? अळ्या आणि कोष. आणि त्या जंगलाला लागूनच पुढे दगडवाला ब्रॉक. किडे पकडणाऱ्या मुलाने बनवलेल्या गेममध्ये पहिल्या अडचणीचं एक उत्तर किड्यांच्या जंगलात ठेवलेलं आहे. योगायोग म्हणायचा तर म्हणा.

इथे माझ्या विरोधात जाणारी एक गोष्ट आहे, ती लपवत नाही. हाच ताजिरी १९८३पासून 'गेम फ्रीक' नावाचं एक नियतकालिक काढत होता. सुरुवातीला हाताने लिहून. आणि त्यात काय असायचं? आर्केड गेम जिंकायच्या युक्त्या! पुढे पोकेमॉनची चित्रं काढणारा केन सुगिमोरी त्याला त्या अंकामुळेच भेटला, आणि १९८९ साली त्याच नावाची कंपनी उभी राहिली. म्हणजे ज्याने हा गेम केला तो स्वतःच गाइड लिहिणारा. मग गाइडवाल्यांना शिव्या का?

कारण दोन प्रकारचे गाइड असतात. एक सांगतो, अमुक यंत्र असं वागतं, मी खेळून पाहिलं, तूही बघ. दुसरा सांगतो, हा घे, तो टाक. पहिल्याने तुमच्या हातात एक चावी येते, ती पुढच्या दहा कुलपांना लावून बघता येते. दुसऱ्याने कुलूप उघडून मिळतं आणि चावी त्याच्याच खिशात राहते, म्हणजे पुढच्या कुलपाशी पुन्हा त्याच्याच चॅनलवर जायचं. त्याला ते हवंच असतं.

काही गोष्टी विचारायलाच हव्यात, यात वाद नाही. काडाब्राचा अलाकझाम दुसऱ्या खेळाडूशी अदलाबदल केल्याशिवाय होत नाही, हे कोणी कसं ओळखणार? कुठला प्रकार कुठल्याला भारी हा तक्ता उघडून ठेवा, खुशाल. मूळ गेममध्ये १५ प्रकार होते, २०१३पासून १८ आहेत, ते पाठ नसण्यात कमीपणा नाही. पकडताना समोरच्याचा जीव लाल पट्टीपर्यंत आणा, झोपवता आलं तर झोपवा, पूर्ण ताकदीच्या पोकेमॉनवर चेंडू उधळू नका, हे कोणी सांगितलं तर आभार माना. ही सगळी गेमची रीत आहे. मी विरोध करतोय तो निवड उसनी घेण्याला.

दुसरा आक्षेप जास्त तगडा आहे. एकच स्टार्टर वाढवत न्या, बाकीचे पाच नावाला ठेवा, अर्ध्या वेळेत गेम संपतो, असं अनुभवी लोक सांगतात. खोटं नाही. रेड-ब्लूचे स्पीडरन करणारे वर्षानुवर्षं एका निडोकिंगच्या जोरावर गेम संपवतात. पण त्यांना प्रत्येक ट्रेनरकडे काय आहे, कुठली वस्तू कुठे पडली आहे, कुठल्या पायरीवर वळायचं, हे पाठ असतं. त्यांचा एकटा निडोकिंग दिसतो, त्यामागचे हजार पराभव दिसत नाहीत. नवशिका त्यांची नक्कल करतो तेव्हा त्याच्याकडे फक्त एकटेपणा येतो. मग इंडिगो पठारावर लोरेलाय, ब्रुनो, अगाथा, लान्स असे चौघे आणि नंतर चॅम्पियन, सलग. मध्ये पोकेमॉन सेंटर नाही. एकटा चॅरिझार्ड लोरेलायच्या पाण्यापुढे बसला की मागे उभे असतात लेव्हल २०चे पाच प्रेक्षक. हे व्हिडिओत शेवटी येतं, किंवा पुढच्या व्हिडिओत.

त्यापेक्षा कंटाळवाणी पण खात्रीची पद्धत सांगतो. पहिल्या चार रस्त्यांवर दिसेल तो पकडा. सहा जण फिरते ठेवा. कच्च्याला पहिल्या जागेवर ठेवून लढाई सुरू करा आणि लगेच बदलून तगडा आणा. अनुभव दोघांत वाटला जातो. माउंट मूनच्या अलीकडे एक माणूस ५००ला मॅजिकार्प विकतो, तो नुसता तडफडतो. घ्या. लेव्हल २०पर्यंत असाच ओढून न्या. पुढचं सांगत नाही. (ज्यांना माहीत आहे त्यांनीही गप्प बसावं.)

आता माझ्याच बाजूच्या लोकांशी थोडं. टियर लिस्टला वैतागलेले लोक लगेच दुसऱ्या टोकाला जातात: आवडेल तो घ्या, प्रेमाने खेळा. गोल्ड-सिल्व्हरमधली कॅरन काहीसं असंच बोलते आणि तिचं वाक्य तेव्हापासून टी-शर्टवर छापलं जातंय. मला ते अर्धंच पटतं. २०१४च्या जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाच्या से जुन पार्कने पाचिरिसू नावाची निळी-पांढरी खार संघात घेतली आणि जिंकला. जगभर लोक म्हणाले, बघा, प्रेमाचा विजय. पण त्याची चाल पाहा. पाचिरिसूला 'फॉलो मी' येतं, म्हणजे समोरच्यांचे मारे ती स्वतःवर ओढून घेते. वीज लागली तर तिला उलट जीव मिळतो. तिच्या शेजारी ग्याराडोस, ज्याला विजेची धास्ती. खार मार खाते, राक्षस मारतो. हे कोणाला सुचलं? ज्याने 'किती ताकदीची' असं न विचारता 'काय कामाची' असं विचारलं त्याला. आणि तो प्रश्न विचारायची सवय कॅटरपीपासून लागते, अलाकझामपासून नाही.

फोनवर खेळणाऱ्यांसाठी दोन ओळी. पोकेमॉन गो भारतात डिसेंबर २०१६मध्ये जिओच्या साथीने अधिकृतपणे आला, आणि तेव्हापासून नवीन खेळाडूला पहिला सल्ला मिळतो की ९० टक्क्यांखालचे सगळे प्रोफेसरकडे पाठवून दे. ती टक्केवारी म्हणजे तीन आकडे, प्रत्येकी ० ते १५. माचॅम्पचा मूळ अटॅक २३४ आहे. त्यात नशिबाने जास्तीत जास्त १५ची भर. सगळ्यात वाईट आणि सगळ्यात चांगल्या माचॅम्पमध्ये एवढंच अंतर, आणि त्यासाठी मुलं हातातला माचॅम्प फेकून 'हंड्रेड'ची वाट बघत बसतात. रेडमध्ये मग कोण लढणार?

हे सगळं मी एवढं मनावर का घेतो, असं बहीण विचारते. गेमच आहे ना. हो, गेमच आहे. भाच्याच्या दिवसात सकाळी शाळा, दुपारी फाउंडेशनचा क्लास, रविवारी चाचणी. कुठल्या प्रश्नाला किती वेळ द्यायचा, कुठला धडा सोडायचा, कुठली शाखा घ्यायची, सगळ्याचे तक्ते तयार. चूक केली तर ती कोणाला तरी दिसते आणि भिंतीवर लागते. त्याच्या हातात एकच जागा होती जिथे चूक स्वस्त होती, कोणाला दिसत नव्हती, आणि केल्यावर अनुभव शिल्लक राहत होता. तिथेही तो आधी उत्तरपत्रिका शोधायला गेला. हरायची भीती वाटत होती म्हणून नाही. हरणं हा खेळण्याचाच भाग असू शकतो, हेच त्याला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

शेवटी मी त्याचा फोन मागून घेतला, डोळे मिटून चारमँडर उचलला आणि सेव्ह केलं. नेचर निघालं 'ॲडमंट'. म्हणजे बरोब्बर उलटं: अटॅक जास्त, स्पेशल अटॅक कमी. तासभर तो माझ्याशी बोलला नाही. मग खेळायला लागला. ब्रॉककडून तीन वेळा हरला. चौथ्या वेळी मेटल क्लॉने जिंकला, आणि ॲडमंटमुळे तो पंजा जरा जास्तच लागला हे त्याच्या दोन दिवसांनी लक्षात आलं. तेव्हा जेवणाच्या ताटावरून उठून सांगायला आला.

सध्या तो रॉक टनेलमध्ये आहे. आत मिट्ट काळोख, भिंतींना धडकत चाललाय. दहा जाती पकडल्या असतील तर रूट २ वर ओकचा एक मदतनीस फ्लॅश देतो आणि सगळं लख्ख दिसतं. त्याच्याकडे चौदा आहेत. काल विचारत होता, "मामा, इथे नकाशा वगैरे काही मिळतो का?"

मी म्हटलं, "भिंतीला धरून चाल."